भाडं थांबलंय, ताबा सुटत नाही: तो माणूस कोणत्या नात्याने राहतोय?

दोन प्रश्न एकाच आठवड्यात आले आणि दोन्हींचा विषय एकच आहे, म्हणून एकत्रच उत्तर देतो.

पहिला प्रश्न घरमालकाचा. पुण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट, ११ महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, महिना २२ हजार, डिपॉझिट ६० हजार. फेब्रुवारीपासून भाडं बंद, मेअखेर करार संपला, माणूस घर सोडत नाही. उलट म्हणतो, "जा कोर्टात, १२ वर्षं गेली की घर माझंच आहे." मालक विचारतात, वीज तोडू का? तो गावाला गेला की कुलूप बदलू का?

दुसरा प्रश्न गिरगावातल्या एका चाळीतल्या भाडेकरू ताईंचा. आजोबांपासूनची खोली, भाडं महिना दीडशे. इमारत विकली गेली. नव्या मालकाने ३ वर्षं भाडं घेतलंच नाही, आणि आता त्याच्या वकिलाची नोटीस आली आहे: थकबाकी झाली, खोली खाली करा.

दोघांच्याही बाबतीत कागदावर लिहायचं झालं तर "भाडं न देता ताबा" असंच लिहावं लागेल. पण कायद्याच्या नजरेत या दोन घरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिलं वाक्य थकबाकीबद्दल बोलतो. माझा पहिला प्रश्न मात्र हा असतो: तो माणूस घरात कोणत्या नात्याने राहतोय? लायसन्सी, भाडेकरू, पागडीवाला, नातेवाईक, की राखणदार? हे ठरल्याशिवाय कोणत्या दारात जायचं तेच कळत नाही, आणि चुकीच्या दारात गेलात की वर्षं जातात.

आधी फ्लॅटमालकांचं पाहू.

लायसन्स म्हणजे वापरण्याची परवानगी. मुदत संपली की परवानगी संपली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ (अंमल ३१ मार्च २००० पासून) यातलं कलम २४ नेमकं तुमच्यासाठी आहे. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपल्यावर परत केली नाही, तर मालकाने दिवाणी न्यायालयात न जाता या कायद्याखालच्या सक्षम प्राधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो. तिथे लेखी करारात जे लिहिलंय ते निर्णायक पुरावा मानलं जातं. म्हणजे "तोंडी आमचं वेगळं ठरलं होतं", "मी खरं तर भाडेकरूच आहे" हे पालुपद तिथे चालत नाही. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन आधी लढण्याची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही, की तुमच्या अर्जातलं म्हणणं त्याने मान्य केलं असं धरून आदेश होतो. या आदेशावर अपील नाही, फक्त रिव्हिजन (वरच्या पातळीवर मर्यादित फेरतपासणी) आहे. दिवाणी दाव्याच्या मानाने हा रस्ता कितीतरी आखूड आहे.

आता पैशांचं. याच कलमात असं आहे की मुदत संपल्यानंतर जितके दिवस तो राहील, तितक्या दिवसांची नुकसानभरपाई करारातल्या दराच्या दुप्पट. तुमचा हिशेब मांडून दाखवतो. फेब्रुवारी ते मे चार महिने, ८८ हजार. डिपॉझिटचे ६० हजार वजा केले तर २८ हजार उरतात. जूनपासून मात्र दर महिन्याला ४४ हजार चढत आहेत. तो १० महिने राहिला तर ४ लाख ४० हजार. हा आकडा एका कागदावर लिहून, करारातल्या कलमांसह, नोटिशीत त्याला दाखवा. बऱ्याच जणांना वाटत असतं की आपण महिना २२ हजार वाचवतोय. आपण ४४ हजारांच्या कर्जात उतरतोय हे कोणी सांगितलेलंच नसतं. अर्जापर्यंत न जाता नोटिशीवरच घर रिकामं झालेलं मी अनेकदा पाहिलंय, आणि त्यामागे बहुतेक वेळा हाच हिशेब असतो.

मुदत संपण्याआधीची थकबाकी ही वेगळी बाब. ती वसूल करायला मुदत कायद्याप्रमाणे प्रत्येक हप्ता देय झाल्यापासून ३ वर्षं असतात. तिकडे दुर्लक्ष करू नका.

एक सावधगिरी. करार संपल्यावर त्याने अचानक खात्यात २२ हजार टाकले तर काय? पैसे परत करायची गरज नाही, पण त्याच दिवशी लिहून कळवा: ही रक्कम मुदतीनंतरच्या वापराच्या नुकसानभरपाईपोटी जमा धरली आहे, यामुळे करार वाढलेला नाही, आणि आमच्या हक्कांना बाधा न येता ती स्वीकारली आहे. "जूनचं भाडं मिळालं, थँक्यू" एवढा एक मेसेज पुढे उलटतपासणीत अर्धा तास खातो. व्हॉट्सॲपवरचे जुने संवाद पुसू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडलं की असे संवाद पुराव्यात येतात. फोन बदलणार असाल तर जुना फोन तसाच ठेवा.

आता वीज आणि कुलूप. इथे मी जरा कळकळीने लिहिणार आहे, कारण चांगली, सरळ माणसं याच ठिकाणी आपली जिंकलेली केस हातची घालवतात.

वीज, पाणी, जिन्यातला दिवा, लिफ्ट, स्वच्छता या अत्यावश्यक सेवा मालकाने तोडू नयेत असं भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ सांगतं, आणि तोडणं हा गुन्हा आहे. ते कलम भाडेकरूंसाठी लिहिलंय, लायसन्सी त्यात बसतो का यावर दोन्ही बाजूचे वकील वाद घालतील. पण तो वाद तुम्हाला मुळात हवाच कशाला? आज तक्रारदार तुम्ही आहात. मेन स्विच बंद केला की उद्या तक्रारदार तो.

कुलपाचं तर त्याहून वाईट. एक गृहस्थ माझ्याकडे आले होते ते कुलूप तोडून झाल्यावर. माणूस दिवाळीला गावी गेला, यांनी किल्लीवाला बोलावला, सामान जिन्यात काढून ठेवलं, नवं कुलूप लावलं. फोटोसुद्धा काढले होते, स्वतःच्याच विरुद्धचा पुरावा: गाद्या, गॅसची शेगडी, पोराचं दप्तर, आणि वर एका पाटात ठेवलेले देव. करार संपलेला होता, थकबाकी होती, बाजू शंभर टक्के यांची होती. पण समोरच्याने विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चं कलम ६ वापरलं. कायद्याची रीत सोडून कोणी कोणाला ताब्यातून काढलं, तर सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो ताबा परत मागता येतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्न विचारलाच जात नाही. एवढंच पाहतात: ताबा होता का, आणि तो कायद्याने काढला की अंगबळाने? त्या गृहस्थांना किल्ली परत द्यावी लागली. वर पोलीस ठाण्याच्या चकरा, सामानातून दागिने गेल्याचा आरोप, आणि जो अर्ज आधीच करायचा तो मग पहिल्यापासून. त्यांची पत्नी शेवटी माझ्यासमोर बसून एवढंच म्हणाली, "साहेब, आम्ही चुकलो कुठे? घर तर आमचंच ना?" घर त्यांचंच होतं. पण मालकी आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकी खरेदीखतातून येते, ताबा मात्र राहणाऱ्याकडून न्यायालयाच्या किंवा प्राधिकाऱ्यांच्या हातूनच घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये कृष्णा राम महाले यांच्या खटल्यात हेच सांगितलं आहे: मुदत संपलेला माणूससुद्धा स्थिर ताब्यात असेल तर त्याला कायद्याच्या मार्गानेच काढता येतं.

सोसायटीच्या वॉचमनला सांगून गेटवर अडवणं, नळ बंद करणं, चार माणसं घेऊन जाणं, सगळं याच माळेतलं. आणि पोलिसांकडे ताबा मागायला जाऊ नका, ताबा देण्याचा अधिकार त्यांना नाही. मारहाण, धमकी, तोडफोड झाली तर जरूर जा.

"१२ वर्षं झाली की घर माझं" या वाक्याने मालकांची झोप उडते, म्हणून तेही नीट पाहू. मुदत कायदा, १९६३ मध्ये १२ वर्षांचा प्रतिकूल ताबा आहे हे खरं. पण तो प्रतिकूल हवा, म्हणजे खऱ्या मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे, सलग. जो करारावर सही करून, तुमची परवानगी घेऊन आत आला, त्याचा ताबा परवानगीचा आहे. तो कितीही लांबला तरी आपोआप प्रतिकूल होत नाही. शिवाय ज्याच्याकडून जागा घेतली त्याची मालकीच नाकारायला भाडेकरूला आणि लायसन्सीला पुराव्याचा कायदा मज्जाव करतो. पूर्वी ते कलम ११६ होतं, आता साक्ष अधिनियमात १२२ आहे. रेशनकार्डावर पत्ता, आधार, गॅसचं पुस्तक, लाइटबिल यांतून तिथे राहत असल्याचं दिसतं, मालकी तयार होत नाही. मात्र म्हणून निवांत बसू नका. भाडेपट्टा संपल्यावर मालकाने ताब्यासाठी दावा लावायलाही १२ वर्षांचीच मुदत आहे. वडिलांनी कोणाला तरी खोली दिली, ते वारले, मुलं परदेशात आणि कोणी विचारलंच नाही, अशी प्रकरणं त्या मुदतीच्या काठावर येऊन पोचतात. तुमच्या प्रकरणात तर अजून महिनेच झालेत. आज नोटीस द्या, पंधरवड्याने अर्ज.

मालकांच्या मनातली ही भीती हवेतून आलेली नाही, हेही सांगायला हवं. जुन्या मुंबई भाडे कायद्यात (१९४७ चा) दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहणाऱ्यांना एका फटक्यात भाडेकरूचा दर्जा मिळाला होता. ज्यांनी तात्पुरती म्हणून खोली दिली होती, त्यांची खोली पिढ्यान्‌पिढ्या अडकली. आजही घर रिकामं ठेवतील पण देणार नाहीत, असे लोक मला भेटतात. त्यांच्या घरात ती आठवण अजून ताजी आहे. पण आजच्या कलम २४ खाली ती परिस्थिती नाही.

एक अट मात्र मोलाची आहे: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. "११ महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही" हे महाराष्ट्रात खोटं आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, नोंदणी लागते आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. केली नाही तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत, आणि मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शंभराच्या स्टँप पेपरवर नोटरी करून आलेला कागद घेऊन लोक येतात तेव्हा मला वाईट वाटतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये आहे, स्टँप ड्यूटी एकूण रकमेच्या पाव टक्का. तेवढ्यासाठी कलम २४ ची सगळी धार बोथट करून घ्यायची? तुमचा करार नोंदणीकृत आहे, म्हणून तुमची बाजू भक्कम आहे.

आता गिरगावच्या खोलीकडे.

तुम्ही लायसन्सी नाही, संरक्षित भाडेकरू आहात. इथे "भाडं न देता राहणं" हे शब्दच मला मान्य नाहीत. तुम्ही द्यायला तयार होतात, त्याने घेतलं नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १५ चा गाभाच हा आहे की भाडेकरू भाडं देत असेल किंवा देण्यास तयार आणि राजी असेल, तोवर त्याला थकबाकीच्या नावाखाली काढता येत नाही. प्रश्न एवढाच की ही तयारी तुमच्याकडे कागदावर आहे का? बहुतेक चाळींतून हीच गोष्ट ऐकतो: "मुनीम यायचा तो यायचा बंद झाला, आम्ही दोनदा ऑफिसात गेलो, म्हणाले नंतर या." दोनदा गेलात याची नोंद कुठे आहे? भाडं न स्वीकारणं ही कित्येकदा मुद्दाम केलेली तयारी असते. थकबाकी साचू द्यायची, मग एक दिवस नोटीस. हे तुमच्या बाबतीत घडतंय की नाही मी सांगू शकत नाही, पण तुम्ही तसं धरूनच चाला.

नोटीस कोणत्या तारखेला हातात आली ते पाकिटावर लिहून ठेवा. त्या दिवसापासून ९० दिवस तुमच्याकडे आहेत. ते संपल्याशिवाय मालकाला थकबाकीच्या कारणावर दावाच लावता येत नाही. या ९० दिवसांत मागितलेली सगळी रक्कम पाठवा, चेकने किंवा बँकेतून, सोबत पत्र: अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंतचं भाडं, कायद्याने परवानगी असलेल्या वाढीसह. कायद्यात मालकाला दरवर्षी ४ टक्के वाढ करता येते. त्याने ती मागितली असेल तर तीही धरा. आकड्यावर वाद असला तरी कमी भरू नका, "वाद राखून" म्हणून पूर्ण भरा. पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा येऊन परत आलं तर ते फोडू नका. बंद पाकीटच कोर्टात दाखल करायचं. तेच तुमच्या तयारीचा पुरावा होतं.

आणि समजा ९० दिवस हुकले, दावा लागला. तरी एक दार उघडं आहे. मुंबईत हा दावा लघुवाद न्यायालयात चालतो. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत सगळी देय रक्कम, त्यावर वार्षिक १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरा, आणि त्यानंतर दर महिन्याचं भाडं निकालापर्यंत न चुकता भरत राहा. असं केलंत तर थकबाकीच्या कारणावर ताब्याचा हुकूमनामा होऊ शकत नाही. "न चुकता" हा शब्द मी दोनदा सांगतो. पहिली मोठी रक्कम लोक धावपळ करून भरतात, आणि मग आठव्या-दहाव्या महिन्यात विसरतात, कारण तारखा लांब पडतात आणि दीडशे रुपयांसाठी कोर्टात कोण जाणार असं वाटतं. याबाबत न्यायालयं काटेकोर असतात. दीडशे रुपये महिन्याचे ३६ महिने म्हणजे ५,४०० रुपये, आणि पणाला लागलेली असते आजोबांपासूनची खोली. घरातल्या एका माणसाला हे काम नेमून द्या आणि प्रत्येक भरणा पावती एकाच फायलीत लावा.

भाडेपावतीवर अजून आजोबांचं नाव असेल तर तेही आत्ताच मार्गी लावा. मूळ भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूपण मिळतं, पण कोणाला हे घरात एकमताने ठरवून मालकाला लेखी कळवलेलं बरं. भाऊबंदकीचा वाद आणि मालकाचा दावा एकाच वेळी लढणं फार जड जातं. आणि भाडं घेतल्यावर पावती देणं मालकावर कलम ३१ प्रमाणे बंधनकारक आहे. पावती मागायला संकोच करू नका.

तुमच्या नोटिशीत मला आणखी एक गोष्ट तपासायची आहे: थकबाकीखेरीज दुसरं कारण आहे का? थकबाकी भरून फक्त थकबाकीचं कारण मिटतं. सहा महिने सबळ कारणाशिवाय खोली वापरात नसणं, मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं, कायमस्वरूपी बांधकाम करणं, मालकाला स्वतःसाठी खरी गरज असणं, ही कलम १६ ची कारणं वेगळी चालतात. चाळीतली कितीतरी कुटुंबं विरार-डोंबिवलीला राहायला गेली आणि खोलीला कुलूप आहे. त्यांना भाडं भरूनही धोका असतो. तुम्ही तिथेच राहत असाल तर वीजबिलं, मतदारयादी, मुलांच्या शाळेचे दाखले जपून ठेवा.

दोन्ही पत्रांत एक प्रश्न सारखा होता: "नवीन भाडे कायदा आलाय, त्यात दोनच महिन्यांचं डिपॉझिट, आणि चौपट भाडं, ते आम्हाला लागू का?" ते आदर्श भाडेकरू कायद्याबद्दल फिरणारे मेसेज आहेत. केंद्रीय मंत्रिमंडळाने तो जून २०२१ मध्ये मंजूर केला, पण तो राज्यांसाठी नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. महाराष्ट्रात तुमचा वाद १९९९ च्याच कायद्याने सुटेल. मेसेजमधली कलमं नोटिशीत घालू नका, समोरच्या वकिलाला ते पहिल्या ओळीतच कळतं.

नातेवाईक किंवा राखणदार बसलेला असेल तर थोडं वेगळं, कारण तिथे करारच नसतो. २०१२ मध्ये मारिया मार्गारिडा फर्नांडिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की राखणदार किंवा नोकर कितीही वर्षं राहिला तरी त्यातून त्याला हक्क मिळत नाही. पण भाचा-पुतण्याच्या बाबतीत "मीच घराला पैसे लावले" हा बचाव हमखास येतो, म्हणून पैसे कोणी भरले याची बँकेची कागदपत्रं आधी गोळा करा.

फ्लॅटमालकांनी आज संध्याकाळी एवढं करावं: नोंदणीकृत कराराची प्रत आणि इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा) काढून ठेवा, बँकेचा जानेवारीपासूनचा उतारा छापून घ्या, आणि त्याला कोणताही रागाचा मेसेज पाठवू नका. गिरगावच्या ताईंनी नोटीस, तिचं पाकीट आणि हाताला लागेल ती सगळ्यात जुनी भाडेपावती घेऊन जवळच्या, भाड्याच्या केसेस चालवणाऱ्या वकिलाला गाठावं, आणि ९० वा दिवस कॅलेंडरवर लाल शाईने लिहावा. तो दिवस रविवारी येत असेल तर आधीचा शुक्रवार धरा.